मेंदूची गंभीर दुखापत : स्त्रियांना उपचार वेगळे लागू पडतात का?

प्रश्न : माझी चाळिशीतील धाकटी बहीण अपघातात डोक्याला जबर मार लागल्याने अतिदक्षता विभागात बेशुद्धावस्थेत आहे. एक नातेवाईक सांगतात की संप्रेरकांमुळे स्त्रियांचा मेंदू लवकर सावरतो. दुसऱ्यांचे म्हणणे असे की चाचण्या पुरुषांवरच होत असल्याने स्त्रियांना औषधे तितकीशी लागू पडत नाहीत. यात तथ्य किती? प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकाचे इंजेक्शन देण्याचा आग्रह आम्ही धरावा का?

उत्तर : असा आग्रह धरू नये, हे आधी स्पष्टपणे सांगतो. या इंजेक्शनविषयीची आशा निराधार मात्र नव्हती. मेंदूला इजा झालेल्या उंदरांमध्ये मादीच्या मेंदूला नरापेक्षा कमी सूज येते आणि रक्तात प्रोजेस्टेरॉन जास्त असताना ती आणखी कमी असते, असे अमेरिकेतील डोनाल्ड स्टाइन यांच्या प्रयोगांत दिसून आले होते. पुढे १०० रुग्णांवरील एका छोट्या चाचणीचे निष्कर्षही उत्साह वाढवणारे होते. त्यानंतर स्त्री-पुरुष दोघांनाही हे संप्रेरक देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एक ८८२ आणि दुसरी सुमारे १२०० रुग्णांवर. डिसेंबर २०१४मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा महिन्यांनंतरच्या प्रकृतीत औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांमध्ये फरक आढळला नाही. याचे एक संभाव्य कारण असे की प्रयोगशाळेत प्रत्येक उंदराची इजा जवळपास सारखी असते; माणसांत मात्र कोणाच्या मेंदूत रक्तस्राव असतो, कोणाचे मज्जातंतू ताणून तुटलेले असतात, तर कोणाचा रक्तदाब रुग्णालयात पोहोचेपर्यंत घसरलेला असतो.

दुसऱ्या नातेवाइकांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. अशी दुखापत पुरुषांना फार अधिक प्रमाणात होत असल्याने चाचण्यांत स्त्रियांचा वाटा साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहतो, आणि एवढ्या कमी संख्येवरून औषधाचा वेगळा परिणाम हुडकून काढणे कठीण जाते. ही उणीव खरी आहे आणि ती दूर व्हायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यावरून औषधे स्त्रियांना लागू पडत नाहीत, असे सिद्ध होत नाही.

औषधाचा निचरा स्त्री-पुरुषांच्या शरीरात कधी कधी वेगळ्या गतीने होतो, हे खरे आहे. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची सुरुवातीची शिफारस केलेली मात्रा अमेरिकेत २०१३मध्ये याच कारणाने निम्मी करण्यात आली. अतिदक्षता विभागात मात्र गुंगीचे औषध आधी ठरवलेल्या मात्रेवर सोडून दिले जात नाही. रुग्ण कितपत शांत आहे, रक्तदाब किती आहे, कवटीतील दाब किती आहे, हे पाहत डॉक्टर आणि परिचारिका ते सतत कमी-जास्त करत असतात, त्यामुळे असा फरक बऱ्याच अंशी खाटेपाशीच सांभाळला जातो. कवटीतील दाब पाऱ्याच्या २२ मिलिमीटरच्या वर गेल्यास उपचार करावेत, ही मर्यादा दोघांसाठी एकच आहे. पुढील प्रकृतीचा अंदाज बांधताना प्रामुख्याने वय, हातपायांच्या हालचालींचा प्रतिसाद आणि उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात की नाही, हे पाहिले जाते. लिंगाला त्यात स्थान नाही.

तुम्ही खरी मदत माहिती देऊन करू शकता. बहिणीला गर्भधारणेची शक्यता आहे का, शेवटची पाळी कधी आली, ती गर्भनिरोधक किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत होती का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. कारण आकडीवरील व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते, तर आकडीवरीलच फेनिटॉइनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो.

अशा दुखापतीनंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि संप्रेरकांचे नियंत्रण करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचे काम काही रुग्णांत मंदावते. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटल्याचे सहजासहजी लक्षात येत नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मात्र पाळी काही महिने परतली नाही, किंवा विश्रांती घेऊनही कमालीचा थकवा राहिला, तर तो केवळ अशक्तपणा न समजता संप्रेरकांची रक्ततपासणी करून घ्यावी.