मातीत बारीक हिरे सापडले म्हणजे उल्का पडली होती, हे कशावरून?

तुम्ही विचारलंय की 12,800 वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवर धूमकेतू फुटला आणि पुरावा म्हणून मातीच्या काळपट थरात बारीक हिरे मिळाले असं एका व्हिडिओत बघितलं, तर ते खरं मानायचं का.

मी जिऑलॉजीवाला नाही, पण पीएचडीची वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत काढलीत, त्यामुळे कोणी "हिरे सापडले" म्हटलं की मी आधी विचारतो, ओळखले कसे?

कारण हे अंगठीतले हिरे नाहीत हो, काही नॅनोमीटरचे कण. मातीतलं बाकीचं ॲसिडमध्ये विरघळवायचं, हिरा त्यातूनही टिकतो, मग उरलेला गाळ तांब्याच्या बारीक जाळीवर ठेवून त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा. अणूंच्या थरांत अंतर जेवढं, त्या हिशोबाने पडद्यावर वर्तुळं उमटतात. हिऱ्याचं ठळक वर्तुळ 0.206 नॅनोमीटरचं, तांब्याचं 0.209, ग्राफीनचं (कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा) 0.213. आता बोला! तांब्याचं 0.181 ला आणखी एक वर्तुळ येतं जे साध्या हिऱ्याला येत नाही, पण ते बघायची तसदी घ्यावी लागते. मी स्वतः एकदा जाळीचंच तांबं "सर, नवीन फेज मिळाली" म्हणून गाइडना दाखवायला नेलं होतं, ते नुसते हसले.

तुमच्या व्हिडिओतल्या दाव्याचं बरंचसं असंच झालं. 2009 मध्ये केनेट वगैरे मंडळींनी 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत असे नॅनोहिरे मिळाल्याचं छापलं, 2010 मध्ये डॉल्टन आणि सहकाऱ्यांनी त्या काळातले कार्बनचे कण तपासले आणि म्हणाले की ज्याला लॉन्सडेलाइट म्हणजे षटकोनी रचनेचा हिरा म्हटलंय ते ग्राफीन आणि ग्राफेन (हायड्रोजन जोडलेलं ग्राफीन) यांचे गोळे आहेत. भांडण अजून चालूच आहे. त्यात 2014 मध्ये दुसऱ्या एका गटाने सांगितलं की लॉन्सडेलाइट हा वेगळा पदार्थच नाही, थर चुकलेला साधा हिराच आहे, म्हणजे घ्या.

बरं, हिरा खरा निघाला तरी तो आघातातच तयार झाला असं नाही. 1969 ला मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केत नॅनोहिरे आहेत आणि त्यातले काही तरी सूर्यापेक्षा जुने मानले जातात, म्हणजे ते तयार मालच घेऊन आले.

जिथे वाद नाही अशी जागा म्हणजे सैबेरियातलं पोपिगाय, 100 किलोमीटरचा खड्डा, साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा. तिथल्या खडकात ग्राफाइट आधीपासून होतं, धक्क्याने त्याचा क्षणात हिरा झाला, आणि कित्येक हिऱ्यांचा आकार अजून ग्राफाइटच्या पापुद्र्यासारखाच आहे. जर्मनीतल्या नॉर्डलिंगेनचं चर्च तर अशाच खड्ड्यातल्या दगडाने बांधलंय, भिंतीत सूक्ष्म हिरे आहेत पण उपयोग शून्य.

त्यामुळे माझं मत, 12,800 वर्षांवाली गोष्ट मला तरी पटलेली नाही, सगळ्यांना मान्य होईल असा खड्डाही मिळालेला नाही (समर्थक म्हणतात हवेतच फुटला).

आणि कोणीतरी कमेंटमध्ये विचारणारच म्हणून, आपल्या लोणारला हिरे शोधू नका. तिथे सगळा बेसॉल्ट, हिरा व्हायला लागणारं ग्राफाइटच नाही, तिथला पुरावा म्हणजे मॅस्केलिनाइट, धक्क्याने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार हे खनिज.