कोल्हापुरात कुत्र्याला मायक्रोचिप बसवावी का? काही धोका आहे का?

बसवा. पण ती जीपीएस नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं ठेवा. साधारण 12 मिमी लांब, 2 मिमी जाड काचेची कुपी. आत बॅटरी नाही. स्कॅनर जवळ नेला की 15 अंकी नंबर दिसतो, बस्स.

दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात, भूल लागत नाही. सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड, त्यामुळे क्षणभर कळ येते, कधी रक्ताचा थेंब. गाठ वा कर्करोग फारच क्वचित. कधीकधी चिप सरकून खांद्याकडे किंवा पुढच्या पायाकडे जाते आणि फक्त पाठ तपासणाऱ्याला सापडत नाही.

134.2 किलोहर्ट्झची, आयएसओ 11784/11785 या प्राण्यांच्या चिपसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचीच मागा. टोचण्याआधी स्कॅन, टोचल्यावर पुन्हा. नंबरचं स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवा. खरी चूक पुढे होते: चिपच्या नंबरासोबत मालकाचं नाव-मोबाइल नोंदवतच नाहीत, किंवा मोबाइल बदलल्यावर कळवत नाहीत. मग चिप असून नसल्यासारखी.

2019, 2021 सारखा पंचगंगेचा पूर आला तर पट्टा निसटतो, चिप राहते. तरी पट्ट्यावर मोबाइल नंबर हवाच. रंकाळ्यावर कुत्रं सापडलेल्या माणसाच्या खिशात स्कॅनर नसतो.