पाकीट हरवलं : आधी नंबर, मग कार्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं पाकीट नाशिक-पुणे एसटीत राहिलं, त्यात आधार, पॅन, लायसन्स आणि मतदार ओळखपत्र होतं. आधारला मोबाइल जोडलेला आहे. पॅन वीसेक वर्षांपूर्वीचं, त्याच्या नोंदीतला पत्ता आधीच्या भाड्याच्या घराचा. आणि नेट कॅफेवाला म्हणतोय, "नवीन पॅन काढून टाकू, सोपं पडेल."

ते नवीन पॅन आधी थांबवा. सरकार आपल्याला देतं तो नंबर; कार्ड ही त्या नंबरची छापील प्रत. कार्ड हरवलं म्हणून नंबर रद्द होत नाही आणि दुसरा मिळतही नाही. नव्या पॅनचा अर्ज ज्यांच्याकडे पॅन नाही त्यांच्यासाठीच असतो, म्हणजे तो भरणं ही खोटी माहिती देणंच झालं. आधार जोडलेलं असेल तर अर्ज अडकतो. नाव थोडं वेगळं लिहिल्यामुळे तो चुकून पुढे सरकला तर एका माणसाच्या नावावर दोन पॅन होतात. त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि दुसरा नंबर परत करत बसावं लागतं ते वेगळंच. कॅफेवाल्याला ओळखीचा तो एकच फॉर्म आहे, एवढाच त्याचा "सोपं"चा अर्थ.

पोलिसांकडची नोंद पहिल्या दिवशीच करा. पाकीट राहिलं किंवा पडलं असेल तर ठाण्यात जायची गरज नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवलेल्या वस्तूंची नोंद करता येते. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवरही तशी सोय आहे. नोंदीची पीडीएफ लगेच उतरवून घ्या. हा एफआयआर नव्हे, पण डुप्लिकेट कार्डासाठी बहुतेक ठिकाणी चालतो. एकाच नोंदीत चारही कार्डं लिहा. लायसन्स आणि मतदार ओळखपत्राचा नंबर पूर्ण द्या, कारण तिथे तो पडताळतात. आधारचे मात्र शेवटचे चार आकडे पुरेत. हा कागद पुढे अनेक हातांतून जाणार आहे. पाकीट मारलं असल्याची खात्री असेल तर "हरवलं" लिहू नका. चोरीची तक्रार एफआयआर म्हणूनच द्या. नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) ती ऑनलाइन देता येते, फक्त तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. आणि नोंद झाली तरी दोन्ही टोकांच्या आगारांत चौकशी करा, तिकीट असेल तर सोबत ठेवा. वाहक सापडलेलं सामान आगारात जमा करतात.

आता आधार. सुरुवात इथूनच करायची, कारण बाकीच्या कामांत ओटीपी आणि ई-केवायसीसाठी (आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी) तेच लागतं. नंबर पाठ नसेल तर मायआधार या आधारच्या अधिकृत पोर्टलवर हरवलेला आधार क्रमांक परत मिळवण्याचा पर्याय आहे. नाव आणि नोंदलेला मोबाइल टाकला की नंबर एसएमएसने येतो. नाव आधारवर जसं आहे तसंच टाका. आपल्याकडे घोळ इथेच होतो: कुणाच्या आधारवर आडनाव आधी असतं, कुणाच्या शेवटी, कुणाच्या वडिलांचं नाव पूर्ण, कुणाचं नुसतं आद्याक्षर. एखादी जुनी झेरॉक्स शोधा आणि त्यावर आहे त्याच क्रमाने लिहा.

नंबर मिळाला की ई-आधार डाउनलोड करा. ही पीडीएफ फुकट असते आणि छापील आधारइतकीच ग्राह्य. तिचा पासवर्ड म्हणजे नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्षाचे चार आकडे. नाव आडनावाने सुरू होत असेल तर आडनावाची पहिली चार. "पासवर्ड चुकतोय" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्लास्टिकचं कार्ड हवं असेल तर तिथूनच पीव्हीसी कार्ड मागवा. ते स्पीड पोस्टाने फक्त आधारवरच्या पत्त्यावर येतं, तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर मागवता येत नाही. बाजारात झेरॉक्सवाले प्लास्टिकवर छापून देतात ते घेऊ नका. त्यात सुरक्षा खुणा नसतात आणि त्यासाठी ई-आधारची फाइल परक्या कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. मोबाइल जोडलेला नसता तरी पीव्हीसी कार्ड दुसऱ्या नंबरवर ओटीपी घेऊन मागवता येतं, फक्त आधार क्रमांक माहीत हवा. मोबाइलही नाही आणि नंबरही नाही, अशा माणसासाठी आधार केंद्रच खरं: तिथे बोटांचे ठसे देऊन आधारची प्रत मिळते.

त्याच पोर्टलवर बायोमेट्रिक लॉकही करता येतं, म्हणजे ठसा किंवा चेहरा वापरून आधार चालवणं बंद ठेवता येतं. नुसत्या हरवलेल्या कार्डावरून कुणी ठसा वापरू शकत नाही, तरी लॉक असलेलं बरं. मात्र वडील पेन्शनर आहेत, हे लक्षात ठेवा. नोव्हेंबरमध्ये हयातीचा डिजिटल दाखला ठसा किंवा चेहरा दाखवून करतात. लॉक असेल तर तिथे ओळख पटत नाही आणि बिचारे तीन-तीनदा बोट पुसत बसतात. रेशन दुकानातल्या मशीनचंही तेच. जाण्याआधी लॉक तात्पुरतं उघडा.

पॅनवर जरा सविस्तर लिहितो, कारण अर्ज सर्वांत जास्त इथेच अडकतात.

नंबर शोधायचा तर पेन्शनचा फॉर्म १६ (कापलेल्या कराचा दाखला), जुनं रिटर्न किंवा बँकेत दिलेली केवायसीची प्रत बघा. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर खातं असेल तर आधार क्रमांक टाकूनही लॉगिन होतं आणि प्रोफाइलमध्ये पॅन दिसतं. याच पोर्टलच्या पहिल्या पानावर "इन्स्टंट ई-पॅन" दिसतं, त्यात अडकू नका. ती सोय ज्यांना अजून पॅन नाही त्यांच्यासाठी आहे. तिथलं "डाउनलोड" चालतं तेही फक्त तिथूनच काढलेल्या पॅनला. वीस वर्षांपूर्वीचं पॅन तिथे मिळणार नाही.

पुनर्मुद्रण, म्हणजे त्याच नंबरचं कार्ड पुन्हा छापून देणाऱ्या संस्था दोन: प्रोटीन (आधीचं नाव एनएसडीएल ई-गव्हर्नन्स) आणि यूटीआयआयटीएसएल. शेवटचा पॅन अर्ज ज्या संस्थेतून झाला तिच्याकडूनच पुनर्मुद्रण होतं. जुन्या कार्डाच्या मागच्या बाजूची झेरॉक्स असेल तर "कार्ड सापडल्यास इथे पाठवा" या मजकुराखालचा पत्ता बघा. पुण्याचा असेल तर प्रोटीन, सीबीडी बेलापूरचा असेल तर यूटीआय. झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची असेल, बहुतेकांची तशीच असते, तर एका ठिकाणी प्रयत्न करा. चुकीच्या संस्थेकडे गेलात तर माहिती भरल्यावर लगेच नकार दिसतो, पैसे भरायची वेळ त्याच्या नंतर येते. या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांचे पत्ते सरकारी डोमेनवर (.gov.in) संपत नाहीत, म्हणून सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीतून जाऊ नका. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच जा.

पुनर्मुद्रणाच्या फॉर्ममध्ये पॅन, आधार, जन्माचा महिना आणि वर्ष एवढंच भरायचं. मग ओटीपी येतो तो आयकर विभागाकडे पॅनसोबत नोंदलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर. आधारचा मोबाइल वेगळा, पॅनचा वेगळा, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि ते ओटीपीची वाट पाहत बसतात. पडद्यावर मोबाइलचे काही आकडे झाकून दाखवतात. ते कुठल्या नंबरचे, ते आधी ओळखा. भारतातल्या पत्त्यासाठी शुल्क ५० रुपये. नोंद परदेशातल्या पत्त्याची असेल तर ९५९.

तुमच्या बाबतीत मात्र इथे थांबायचं. पुनर्मुद्रणात पत्ता बदलता येत नाही. कार्ड नोंदीतल्या पत्त्यावर जाणार, म्हणजे जुन्या भाड्याच्या घरी. आधी पत्ता बदला: दोन्ही संस्थांकडे आधार ई-केवायसीने पॅनच्या नोंदीतला पत्ता बदलायची सोय आहे. आधारवरचा पत्ता जसाच्या तसा पॅनला लागतो, म्हणून आधारवर सध्याचं घर आहे ना ते बघून घ्या. बदल नोंदला गेल्याचा संदेश आल्यावरच पुनर्मुद्रणाचा अर्ज करा. दोन्ही एकाच दिवशी उरकलं तर कार्ड जुन्याच पत्त्यावर निघण्याची शक्यता फार.

ई-केवायसी ज्येष्ठांच्या बाबतीत एका कारणाने हटकून अडते. बऱ्याच जुन्या आधारवर पूर्ण जन्मतारीख नसते, फक्त जन्मवर्ष असतं. पॅनची कागदविरहित प्रक्रिया पूर्ण तारीख मागते. तसं असेल तर आधार केंद्रात तारीख नोंदवून घ्या, नाहीतर कागदपत्रं पोस्टाने पाठवायचा मार्ग घ्या.

पॅनला जोडलेला मोबाइलही बंद आणि ईमेलही नाही, अशी वेळ आली तर पुनर्मुद्रणाचा फॉर्म उपयोगाचा नाही. "बदल किंवा दुरुस्ती"चा अर्ज करावा लागतो. त्याच्या डाव्या कडेला छोट्या चौकटी असतात: नाव, जन्मतारीख, फोटो, सही, पत्ता. जे बदलायचं त्याच चौकटीत खूण करायची. काहीच बदलायचं नसेल तर माहिती पूर्ण भरा आणि एकाही चौकटीत खूण करू नका, म्हणजे जुन्याच माहितीने कार्ड पुन्हा निघतं. कॅफेत सगळ्या चौकटींत टिक मारून देतात आणि मग प्रत्येक बदलाचा पुरावा मागणारं पत्र येतं.

कार्ड येईपर्यंत अडून राहू नका. ई-पॅनची, म्हणजे पॅनच्या डिजिटल प्रतीची, पीडीएफ प्लास्टिकइतकीच वैध आहे. तिचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष असे सलग आठ आकडे. आणि आधार-पॅन जोडणी झाली आहे ना तेही याच वेळी तपासा. ती नसेल तर पॅन निष्क्रिय असतं, नवं कार्ड आलं तरी बँकेत उपयोग शून्य.

लायसन्ससाठी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडून डुप्लिकेट लायसन्सचा अर्ज करायचा. आधार प्रमाणीकरणाने केला तर सहसा आरटीओत जावं लागत नाही आणि कार्ड पोस्टाने येतं. पण नाव दोन्हीकडे जुळलं पाहिजे. लायसन्सवर नुसती आद्याक्षरं आणि आधारवर पूर्ण नाव असेल तर प्रमाणीकरण फसतं. मग आधारविना अर्ज आणि कागदपत्रं घेऊन आरटीओची फेरी. लायसन्सचा नंबर लिहिताना एमएच, मग आरटीओचा दोन आकडी क्रमांक (नाशिकचा १५), मग चार आकडी वर्ष आणि शेवटी सात आकडे. जुन्या लायसन्सवर शेवटचा भाग छोटा दिसतो, तिथे पुढे शून्यं लावून सात आकडे करा. तरी "नोंद सापडली नाही" असं आलं तर लायसन्स पुस्तकाच्या रूपात मिळायचं त्या काळातली नोंद संगणकावर चढलेलीच नाही असं समजा. आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यायची, त्याशिवाय ऑनलाइन काही हलत नाही.

अर्ज करण्याआधी लायसन्सची मुदत बघा. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि मुदत संपण्याआधी वर्षभर ते करता येतं. मुदत जवळ आली असेल तर डुप्लिकेट आणि नूतनीकरण एकत्र निवडा. त्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए (वैद्यकीय दाखला) लागेल. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर नुसतं डुप्लिकेट काढून भागणार नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधलं लायसन्स पोलिसांना दाखवता येतं, ते कायद्याने ग्राह्य आहे. मोबाइलमध्ये काढलेला कार्डाचा फोटो मात्र चालत नाही.

मतदार ओळखपत्राचं काम सोपं. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर फॉर्म ८ भरा, त्यात "बदली ओळखपत्र" निवडा, पोलिसांची नोंद जोडा. घरही बदललं आहे, तर आधी त्याच फॉर्म ८ मधला स्थलांतराचा पर्याय बघा, नाहीतर नवं कार्ड जुन्याच मतदारसंघाचं येईल. मोबाइल नोंदलेला असेल तर ई-एपिक (मतदार ओळखपत्राची डिजिटल प्रत) डाउनलोड होतं.

हे सगळं सुरू असताना गैरवापरावर नजर ठेवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर वडिलांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा. मायआधारवर गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे वापरलं गेलं तेही दिसतं. पॅनच्या झेरॉक्सवर परस्पर कर्ज काढल्याचं कळतं ते क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांच्या नोंदीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट ब्युरोंना (हा रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांना) वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही एकदम मागवू नका. आता एक, मग दर तीन महिन्यांनी एकेक काढलात तर वर्षभर लक्ष राहतं. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या बँकेला आणि त्या ब्युरोला लेखी तक्रार द्या, सोबत पहिल्या दिवशीची पोलिसांची नोंद जोडा. तिच्यावरची तारीख तिथे कामी येते.