लॅमिंग्टनमध्ये चॉकलेटऐवजी आंबा किंवा पॅशनफ्रूट वापरता येईल का? कसं करायचं, आणि किती दिवस टिकतं?

वापरता येईल. (लॅमिंग्टन म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवलेला ऑस्ट्रेलियातला स्पंज केक.) पण प्रश्नाखाली तुम्ही जो बेत लिहिला आहे, म्हणजे ताजा स्पंज, मध्ये आंब्याच्या फोडी, वरून आंब्याचं बटरक्रीम आणि त्यावर भुरभुरलेलं खोबरं, त्याने लॅमिंग्टन होणार नाही. आंब्याचा केक होईल. चांगला होईल, पाहुणे खूश होतील, पण त्याला लॅमिंग्टन म्हणू नका. हे मी जरा तावातावाने लिहिते आहे, कारण याच विषयावरून आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

लॅमिंग्टन होतं ते बुडवण्यामुळे. आदल्या दिवशीचा, जरा कोरडा पडलेला स्पंज घ्यायचा, चौकोनी तुकडे करायचे, पातळ कोमट आयसिंगमध्ये बुडवून निथळू द्यायचे आणि लगेच डेसिकेटेड कोकोनटमध्ये, म्हणजे बारीक सुक्या खोबऱ्यात, घोळवायचे. ते आयसिंग पातळ असल्यामुळे स्पंजमध्ये तीन-चार मिलिमीटर आत शिरतं आणि तिथेच आळतं. तुकडा मधोमध कापला की बाहेर खोबरं, मग ओलसर रंगीत कड आणि आत मऊ पांढरा स्पंज असं स्वच्छ दिसलं पाहिजे. ही कड दिसली की लॅमिंग्टन. बटरक्रीम आत मुरतच नाही, वर थापून राहतं. म्हणून फळ घालायचं ते बुडवायच्या मिश्रणात. मधे फोडी कोंबून काही साधत नाही, उलट त्यांना पाणी सुटतं आणि स्पंज बसतो.

मी ग्रँट रोडला वाढले. लॅमिंग्टन रोड घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. लग्नानंतर ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आले आणि पहिल्याच आठवड्यात बेकरीच्या काचेमागे हे नाव वाचून थबकले. माणूस एकच आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १८९६ ते १९०१ या काळात इथे, म्हणजे क्वीन्सलंड प्रांताचे, गव्हर्नर होते आणि १९०३ ते १९०७ मुंबईचे. इथे त्यांच्या नावाचा केक राहिला, तिथे रस्ता. अचानक पाहुणे आले, घरात कालचा स्पंज उरलेला होता, स्वयंपाक्याने तो चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवला, अशी गोष्ट सांगतात. ती ब्रिस्बेनची की इथल्याच टूवुंबा गावची यावर इथले लोक भांडतात, आणि कुणी नावाचं श्रेय लेडी लॅमिंग्टनना देतात. मला त्या भांडणात पडायचं नाही. पण कुणीही सांगितली तरी गोष्टीत शिळा स्पंज आणि बुडवणं हे दोन्ही असतंच.

मला हे शिकवलं शेजारच्या आजींनी. त्यांचा जन्म क्वीन्सलंडचाच, आणि उभं आयुष्य चर्चच्या आणि शाळेच्या लॅमिंग्टन ड्राइव्हमध्ये गेलेलं. लॅमिंग्टन ड्राइव्ह म्हणजे निधी जमवण्यासाठी सगळ्यांनी मिळून ढिगाने लॅमिंग्टन करायची आणि डझनाच्या हिशेबाने विकायची. आजींचा हात बघण्यासारखा होता. तुकडा दोन काट्यांवर तोलायचा, बुडवून वर उचलायचा आणि भांड्यावर तसाच धरून ठेवायचा, धार तुटून थेंब होईपर्यंत. मग उजव्या हाताने खोबऱ्यात. डावा हात ओला, उजवा कोरडा, यात कधी गल्लत नाही. खोबऱ्याचे गोळे होत नाहीत ते त्यामुळे.

आता वादाचं. माझ्या नणंदबाई ऑकलंडला असतात. न्यूझीलंडमध्ये गुलाबी लॅमिंग्टन सर्रास मिळतात, रासबेरी जेली अर्धवट आळली की त्यात स्पंज बुडवून खोबऱ्यात घोळवलेली. म्हणजे फळाचं लॅमिंग्टन हे काही आजचं खूळ नाही, हे मला मान्यच आहे आणि त्याबद्दल मी त्या देशाचे आभार मानते. पण नणंदबाईंचं म्हणणं असं की फळाचं करायचं तर जेलीच्या पाकिटानेच करायचं.

एका डिसेंबरात त्या आमच्याकडे राहायला आल्या. इथे तेव्हा ऐन उन्हाळा आणि बाजारात बोवेनच्या आंब्यांची खोकी. हा इथला केन्सिंग्टन प्राइड. हापूसची सर नाही, पण आंबटगोड आणि वासाला झकास. खोकं घरात उघडं पडलेलं असताना नणंदबाईंनी दुकानातून मँगो जेलीची आणि रासबेरी जेलीची पाकिटं आणली. मी पाकीट उलटं करून वाचलं. साखर, जिलेटिन, आम्ल, स्वाद, रंग. आंबा कुठेच नाही. मी म्हटलं, "ताई, आंबे घरात आहेत, आपण रसच वापरूया ना." त्या म्हणाल्या, "रसाने आळत नाही गं, चिकट लगदा होतो. तू बघच." शिवाय त्यांचीच मुलगी, माझी भाची, शाकाहारी. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, ते ती खात नाही. तिच्यासाठी काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

शेवटी दोघींनी आपापली केली. त्यांची जेलीची, माझी आंब्याच्या रसाची, आळण्यासाठी अगर-अगर घालून. अगर-अगर म्हणजे आपला चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात जेवणं होती. पारा ३५च्या वर. जिलेटिन तिशीच्या पुढे गेलं की सैल पडायला लागतं, त्याला इलाज नाही. ऑकलंडच्या उन्हाळ्यात हवा पंचविशीच्या आसपास, तिथे त्यांची जेली टेबलावर तासभर नीट बसते. इथे जेवणं आटोपेपर्यंत त्यांच्या लॅमिंग्टनना घाम फुटला, खोबरं खाली घसरलं आणि ट्रेमध्ये गुलाबी पाणी साचलं. अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. माझी होती तशी उभी होती.

आणि तेव्हा सगळ्यांसमोर नणंदबाई म्हणाल्या, "छान आहे हो, पण हे लॅमिंग्टन नाही. ही आंब्याची बर्फी आहे, खोबऱ्यात घोळवलेली." लोक हसले. आमचे हे म्हणाले, "दोन्ही मस्त झालंय." दोन्ही मस्त झालेलं नव्हतं. एक ट्रेमध्ये वाहून गेलं होतं.

शेजारच्या आजीही होत्या. त्यांनी माझ्या लॅमिंग्टनचा तुकडा मोडला, कडेकडे निरखून बघितलं आणि एवढंच विचारलं, "स्पंज कालचा ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पूर्ण खाल्लं आणि मग सांगितलं की त्यांना स्वतःला चॉकलेटचंच आवडतं. ती त्यांची आवड, माझी काही तक्रार नाही. पण आयुष्यभर लॅमिंग्टन केलेल्या बाईने पहिला प्रश्न स्पंजचा विचारला, बर्फीचा नाही. नणंदबाईंनी ते ऐकलं, तरी आजही फोनवर विषय निघाला की बर्फीच म्हणतात. बर्फी आटवून, थापून, वड्या पाडून करतात. यात आटवणं नाही, थापणं नाही. असो.

आता कृती. स्पंज तुमचा नेहमीचा करा, पण आदल्या दिवशी. २० बाय ३० सेंटिमीटरचा उथळ डबा घ्या, इथे त्याला लॅमिंग्टन पॅनच म्हणतात. पाच सेंटिमीटरचे चौकोन पाडले की २४ होतात. कडांची तपकिरी साल काढून टाका, तिच्यातून रस आत जात नाही. तुकडे तासभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे बुडवताना चुरा सुटणार नाही. बटर केक वापरला तर सोपं जातं हे खरं, पण तो रस कमी पितो, आणि मग ती कड येत नाही.

बुडवण्यासाठी ४०० ग्रॅम आंब्याचा रस. ताजा असेल तर गाळणीतून गाळाच, केन्सिंग्टनला रेषा असतात. चवीप्रमाणे साखर, चिमूटभर मीठ. भारतीय दुकानातला केसर किंवा हापूसचा डबा चालतो, रंग तर त्याचाच जास्त चांगला येतो, पण त्यात साखर असते, तेव्हा वरून घालू नका. २५० मिलिलीटर पाण्यात ३ ग्रॅम अगर पावडर घालून ढवळत दोन-तीन मिनिटं चांगली उकळा. नुसती गरम करून ती विरघळत नाही, आणि "अगरने माझं आळलंच नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं. दुसऱ्या भांड्यात रस वाफ येईपर्यंत गरम करा, मग दोन्ही एकत्र करा. फ्रिजमधला गार रस ओतलात तर अगर जागच्या जागी आळून गुठळ्या होतात. शेवटी एका लिंबाचा रस. आंबट पदार्थ अगरबरोबर उकळायचा नाही, पकड सैल होते.

हे भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवूनच काम करा. मिश्रण बोटाला चटका न बसण्याइतकं गरम, आणि ताकाहून जरा दाट. गार होऊन साय धरायला लागलं तर परत उकळी आणावी लागते, म्हणून एका वेळी पाच-सहा तुकडेच फ्रीजरमधून काढा. गार स्पंजवर अगर पटकन आळतो, निथळायला दिलं की लगेच खोबऱ्यात. खोबरं बारीक, सुकं, बिनसाखरेचं. ओला नारळ खवून घालायचा मोह आपल्याला होतोच, पण उन्हाळ्यात तो काही तासांत आंबूस होतो. घोळवलेले तुकडे जाळीवर तासभर ठेवले की सुकं खोबरं ओलावा पिऊन मऊ होतं. त्याआधी खाल्लंत तर भुसा चावल्यासारखं लागेल.

पॅशनफ्रूट एकटं फार आंबट होतं, आंब्यातच दोन-तीन फळांचा गर गाळून घाला, लिंबाऐवजी. काळ्या बिया मिश्रणात ठेवल्या तर तळाशी बसतात आणि तुकड्याला चिकटत नाहीत. त्या हव्याच असतील तर सोबतच्या क्रीममध्ये घाला. रासबेरी शिजवून गाळून घ्यायची, फ्रोझन चालते. अननस ताजा वापरायचा तर अगरला काही होत नाही. जिलेटिन हे प्रथिन आहे, ताज्या अननसातलं आणि किवीतलं विकर (एन्झाइम) ते तोडून टाकतं आणि जेली कधीच आळत नाही. अगर प्रथिन नसल्यामुळे हा प्रश्नच येत नाही. हेही मी नणंदबाईंना सांगितलं आहे.

टिकण्याबद्दल विचारलंत. फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस. तिसऱ्या दिवशी अगरला पाणी सुटायला लागतं आणि कड फिकट पडते. चॉकलेटची लॅमिंग्टन फ्रीजरमध्ये खुशाल ठेवता येतात, ही ठेवू नका, बाहेर काढल्यावर अगरचं पाणी वेगळं होऊन स्पंज लिबलिबीत होतो. म्हणजे महिनाभर आधी करून ठेवायचा विचार असेल तर आंब्याचा नाद सोडा आणि चॉकलेटचीच करा. मध्ये क्रीम भरणार असाल तर त्याच दिवशी संपवा. ग्लुटेनशिवायचा स्पंज बुडवताना मोडतो, त्याला ही कृती लागू नाही.

आणि अगर मिळालाच नाही म्हणून जेलीचं पाकीट वापरायची वेळ आली, तर पाकिटावर लिहिलंय त्याहून पाणी कमी घ्या, जेली अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतपत दाट झाली की बुडवा, आणि ट्रे टेबलावर मांडून ठेवू नका. फ्रिजमधून काढून थेट ताटलीत वाढा. घरात शाकाहारी कुणी असेल तर त्यांना आधी सांगा.