मोटरहोममधल्या घरगुती बॅटऱ्या (इंजिनाची नव्हे, आतले दिवे-पंखे चालवणाऱ्या) रात्रीतच उतरतात. बदलायच्या का?

आधी तपासा. चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावू नका, तेव्हाचा आकडा फसवा असतो. सगळा लोड, म्हणजे बॅटरीवर चालणारी उपकरणं, बंद करून चार-सहा तास जाऊ द्या. लेड-ॲसिड बॅटरी १२.६-१२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

पण व्होल्टेज चांगलं म्हणजे बॅटरी चांगली असं नाही. खरी परीक्षा लोडवर होते. पूर्ण चार्ज करून ६० वॉटचा दिवा लावा, म्हणजे साधारण ५ अँपिअर. १०० अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी दहा तासांनी निम्म्यावर यायला हवी. तीन-चार तासांतच मान टाकली तर तिचे दिवस भरले. पाणी घालायची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आतल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन) प्रत्येक सेल, म्हणजे बॅटरीचा कप्पा, बघा. एकाचंच रीडिंग बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने कमी आलं तर तोच सेल गेलाय.

बदलताना जोडीतल्या दोन्ही एकदमच बदला. जुनी नवीलाही ओढते. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. त्याआधी वायरिंगचा फोटो काढा, नंतर डोकं खाजवावं लागत नाही. लिथियम घ्यायची असेल तर चार्जर आणि अल्टरनेटरकडून (इंजिनावर चालणारं वीज बनवायचं यंत्र) येणारं चार्जिंग तिला चालतंय का, हे पैसे देण्याआधी बघा.