कोल्हापूरच्या संस्थेची घटना उतरवून घेऊ नका

ताई, बेळगावच्या वडगावातल्या बायकांच्या कापडी पिशव्यांच्या कामासाठी संस्था नोंदवायला गेलात, फाईल तिसऱ्यांदा परत आली आणि कारण कुणी कागदावर देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यात ‘घटना (म्हणजे संस्थेची नियमावली) कोल्हापूरच्या ओळखीच्या संस्थेची घेतली’ हे वाक्य वाचलं आणि २०१८ साल आठवलं. आम्हीही हेच केलं होतं.

सात सभासद, ठराव, पत्त्याचा पुरावा हे तुमचं झालेलंच असणार. मी वकील नाही, सीए नाही, अनुभव तेवढा सांगते.

मराठीत तयार नमुने मिळतात ते महाराष्ट्रातले. तिथली संस्था १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही येते, म्हणून घटनेत पानोपानी धर्मादाय आयुक्त. आपल्याकडे कर्नाटकात सोसायटी, म्हणजे सभासदांची संस्था, १९६० च्या कर्नाटक कायद्याखाली नोंदते, त्यात धर्मादाय आयुक्त नाहीत. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे वडीलधारी माणसं ‘मुंबईचा कायदा चालतो की’ म्हणतात. आम्ही ते ऐकलं. सभासद कमी करण्यापासून संस्था बंद करण्यापर्यंत नऊ ठिकाणी आम्ही धर्मादाय आयुक्तांची परवानगी लिहून ठेवली होती.

हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर आठवड्याचं काम होतं. नोंदणीच्या कार्यालयात (नाव घेत नाही) एकदा पत्त्यात ‘बेळगाव’ आहे म्हणून, एकदा कन्नड प्रत नीट नाही म्हणून, एकदा साहेब बंगळूरला गेलेत म्हणून परत पाठवलं. चौदा महिने गेले. त्यातच ऑगस्ट २०१९ चा पाऊस आला आणि वडगाव-खासबागच्या विणकरांच्या घरांत पाणी शिरलं. आमच्या गटातल्या एकीच्या घरी गेले तर मागाखालचा खड्डा चिखलाने भरलेला, अर्धी विणलेली साडी तशीच मागावर, लाल काठाचा रंग उतरून पांढऱ्या ताण्यात पसरलेला. ती फणीतला चिखल सुईने काढत बसली होती. पुण्यातले काही बेळगावकर मागांच्या दुरुस्तीला पैसे देणार होते, पण संस्थेच्या खात्यातच. त्यांचं चुकलं नाही. खातंच नव्हतं. तिने दोन फायनान्स कंपन्यांकडून कर्ज उचललं आणि तीन वर्षं हप्ते भरले. मला अजून राग येतो तो याचा.

तर आता फाईल हातात परत घेऊ नका. आवक विभागात द्या, शिक्का मारून पोच घ्या, त्रुटी लेखी मागा. नाहीच दिल्या तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि घटना मराठीतून भाषांतर करून घेऊ नका. इथल्याच एखाद्या चालू संस्थेची कन्नड घटना समोर ठेवून नवी लिहून घ्या. बायकांच्या बैठका मराठीत होऊ देत, त्याला कुणाची आडकाठी नाही.

‘ट्रस्ट करा, सबरजिस्ट्रारकडे झटकन होतं’ असं सांगणारे भेटतील. खरं आहे, पण ट्रस्टमध्ये सगळं चार विश्वस्तांच्या हातात राहतं आणि शिवणाऱ्या बायका नुसत्या लाभार्थी होतात. माझं मत सोसायटीच. तुमचं वेगळं असू शकेल.

कंपन्यांच्या सीएसआरवर (समाजकार्यासाठीच्या निधीवर) आत्ताच हिशेब मांडू नका, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. आयकर खात्याकडची तात्पुरती नोंदणी (१९६१ च्या आयकर कायद्यातली ८०जी म्हणजे देणगीदाराला करसवलत, १२ए म्हणजे संस्थेला करसवलत) मात्र लगेच करा. तिची मुदत तीन वर्षांची, संपायच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तोवर पक्कीसाठी अर्ज लागतो. फॉर्मचे नंबर बदलत असतात, ते सीएला विचारा.

विषय निघालाच आहे म्हणून, गटातल्या कुणाच्या दारात फायनान्सवाले बसत असतील तर कर्नाटकाने २०२५ साली जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा केलाय. पोलिसांत तक्रार घेतात. एकटीला पाठवू नका, चौघी-पाचजणी जा.

आज घटना उघडून ‘धर्मादाय’ शब्द किती ठिकाणी आहे ते मोजा आणि कलमांचे नंबर इथे टाका. त्या जागी आम्ही काय लिहिलं ते एकेक करून सांगते.