अमिगा ५०० वर आवाजाच्या एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमच्याकडे १ एमबी मेमरीचा, हार्डडिस्क नसलेला अमिगा ५०० (जुना घरगुती कॉम्प्युटर) आहे, स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज कापून प्रोट्रॅकरच्या (छोटे आवाज रांगेत मांडून गाणं रचायचा प्रोग्राम) गाण्यांत घालायचे आहेत, आणि ऑडिओमास्टर, सॅम्प्लिट्यूड की साउंडएफएक्स हे ठरत नाहीये. मी ऑडिओमास्टर म्हणेन. तोही लगेच शोधायची घाई करू नका, प्रोट्रॅकरमध्येच सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजाचा, एक छोटा एडिटर आहे. कापणं आणि लूप लावणं (एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं) एवढंच काम असेल तर आधी त्यावर हात बसवा.

बाकीचे दोन वाईट आहेत म्हणून नाही. सॅम्प्लिट्यूड तर पुढे विंडोजवर नावारूपाला आला, पण त्याची सुरुवात १९९२ मध्ये अमिगावरच झाली. तो हार्डडिस्कवाल्या मशीनवर शोभतो. साउंडएफएक्समध्ये इफेक्ट भरपूर आणि हिशेब १६ बिटचा, पण अमिगा ५०० च्या ७ मेगाहर्ट्झच्या ६८००० प्रोसेसरवर इफेक्टचं बटण दाबून दुसऱ्या कामाला लागायचं, अशी गत होते. आणि एवढं करून शेवटी आवाज काढणार पॉला चिपच: चार चॅनल, ८ बिट, सेकंदाला साधारण २८ हजार आकडे. १६ पैकी जास्तीचे, बारीक तपशिलाचे ८ बिट तिथे गळूनच पडतात.

खरी अडचण मेमरीची आहे. पॉलाला फक्त चिप रॅम (मेमरीचा तिला वापरता येणारा भाग) दिसते, आणि ५०० मध्ये खालच्या झाकणात ५१२ केबीचं कार्ड घालून १ एमबी केलेली असेल तर चिप रॅम बहुतेक वेळा ५१२ केबीच असते. २२,०५० हर्ट्झने रेकॉर्ड केलं तर सेकंदाला २२ केबी जातात. त्यात वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप), प्रोग्राम आणि स्क्रीनचा वाटा काढला की हातात थोडेच सेकंद उरतात. म्हणून लांबलचक रेकॉर्डिंगची काटछाट मी अमिगावर करतच नाही. ती आजच्या कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत करतो, मोनो करतो, रेट १६,५७४ हर्ट्झ ठेवतो (पाल टीव्ही पद्धतीच्या मशीनवर प्रोट्रॅकरमध्ये सी-३ हा सूर दाबला की आवाज मूळ पट्टीत वाजतो, म्हणून हा विचित्र आकडा) आणि एक्सपोर्ट करताना अमिगाचा आयएफएफ हेडर (अमिगाचा फाइल-प्रकार) आणि साइन्ड ८ बिट (शून्याच्या वर-खाली जाणारे आकडे) निवडतो.

हे 'साइन्ड' मी आधी दुर्लक्षिलं होतं. साधी ८ बिटची वेव्ह फाइल रॉ म्हणून, म्हणजे नुसते आकडे समजून, उघडली आणि स्पीकरमधून नुसती खरखर. सॅम्पलर (अमिगात आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र) बिघडला असेल म्हणून तो खोलला, पोर्ट पुसलं, केबल बदलली. सॅम्पलरचा या फाइलशी काही संबंधच नव्हता, हे डोक्यात यायला एक अख्खी संध्याकाळ गेली. मग स्क्रीनकडे नीट पाहिलं: लाट मधल्या रेषेभोवती असायला हवी, ती वरच्या आणि खालच्या कडेला चिकटली होती. वेव्हमध्ये ८ बिटची शांतता म्हणजे १२८, अमिगात शून्य. त्यामुळे जिथे आवाज नाही तिथेच सगळ्यात जास्त गोंगाट. अशी लाट दिसली की फाइल पुन्हा एक्सपोर्ट करा, पेचकस काढू नका.

लूप मात्र अमिगावरच लावा, कानाने. बासरीचा एक लांब सूर घ्या. सुरुवातीची फुंकर सोडून पुढचा स्थिर भाग निवडा. लूपची दोन्ही टोकं लाट मधली रेषा ओलांडते तिथे हवीत, आणि दोन्हीकडे ती एकाच दिशेने, म्हणजे खालून वर, जाणारी हवी. एका टोकाला चढती आणि दुसऱ्याला उतरती राहिली की प्रत्येक फेरीला 'टक्' ऐकू येतं. ऑडिओमास्टरमध्ये लूप वाजत असतानाच टोकं सरकवता येतात, माझी पसंती मुख्यतः त्यासाठीच.

आणि सॅम्पल दबका वाटला, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी मशीनचा पॉवरचा दिवा बघा. तो पूर्ण उजळ असेल तर लो-पास फिल्टर चालू आहे आणि वरचे सूर तिथेच अडतायत. प्रोट्रॅकरमधून फिल्टर बंद केला की दिवा मंद होतो.